विषय: एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून लॅपटॉप बूट होत नाही

नमस्कार मंडळी,
विंडोज १० चं सी पार्टिशन १ टीबीच्या अडीच इंची एक्स्टर्नल डिस्कवर क्लोन केलं (जसंच्या तसं नकललं) आहे. एफ१२ दाबून येणाऱ्या बूट मेन्यूत ती डिस्क दिसतच नाही. विंडोज चालू असताना मात्र फायली नीट उघडतात. बूट क्रमात यूएसबी पहिल्या क्रमांकावर आहे, सिक्युअर बूट (सही असलेल्याच बूट फायली चालू देणारी सोय) चालू आहे, डिस्क हबला (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडणीला) जोडली आहे. कुठे चुकतंय?

---

उत्तर:

नमस्कार,
पहिलं काम, हब काढा. डिस्क थेट लॅपटॉपला, आखूड केबलने जोडा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, ३.० पोर्ट ९००. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना याहून जास्त करंट लागू शकतो, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तोच करंट सगळ्यांत वाटतो. डिस्क टकटक करून गप्प बसत असेल तर हेच कारण समजा. जुन्या लॅपटॉपवर ३.० पोर्टमधून बूट होत नसेल तर २.० पोर्टही करून पाहा.

दुसरं, लॅपटॉप चालू करताना उघडणाऱ्या सेटअपमध्ये (त्याला बायोस म्हणायची सवय काही जात नाही) फास्ट बूट बंद करा. तो वेळ वाचवायला सुरुवातीची यूएसबी तपासणीच गाळतो. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप ही वेगळी गोष्ट, तीही बंद करा. आणि लॅपटॉप शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून बूट मेन्यू उघडा.

पण खरी गोम तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. फक्त सी क्लोन केलं, म्हणजे डिस्कवर विंडोज आलं, पण ते सुरू करणारी फाईल आली नाही. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) लॅपटॉप बाहेरच्या डिस्कवर फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट केलेलं ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूट फायलींचा छोटा भाग, शोधतो आणि त्यात ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात 'बूटएक्स६४.ईएफआय' ही फाईल. ती नसेल तर त्याच्या लेखी ती निव्वळ फायलींची डिस्क. म्हणून विंडोजमध्ये दिसते, मेन्यूत नाही.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'डिस्कपार्ट' आणि मग 'लिस्ट डिस्क'. जीपीटी (डिस्कवरच्या पार्टिशनची नवी मांडणी) च्या रकान्यात चांदणी नसेल तर डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीची आहे. तिच्यावर डागडुजी करण्यापेक्षा ती जीपीटी करून संपूर्ण डिस्क क्लोन करा, फक्त सी नव्हे. चांदणी असेल तर बाहेरच्या विंडोजचा व्हॉल्यूम निवडून तो ३०० एमबीने लहान (श्रिंक) करा, 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०' द्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि एस हे अक्षर द्या. डिस्क कुठली ते आकारावरून दोनदा ताडून पाहा. अख्खी डिस्क पुसणारी 'क्लीन' ही आज्ञा बोटांनाही शिवू देऊ नका.

मग 'बीसीडीबूट', म्हणजे बूट फायली तयार करणारी आज्ञा. बाहेरच्या विंडोजचं अक्षर ई असेल तर ई चा विंडोज फोल्डर द्या, /एस पुढे एस ड्राइव्ह आणि /एफ पुढे यूईएफआय. इथे सवयीने सी लिहिलं जातं, आणि मग बाहेरच्या डिस्कवरून सुरू होऊनही आतलंच विंडोज उघडतं. लोक तासभर चक्रावतात.

---

उत्तर:

वरच्या मुद्द्यांत एक भर. सेटअपला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघा. चालू असताना सिक्युअर बूट किंवा बूट क्रम बदलला तर पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. की लिहून ठेवा, ती त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका. मग बिटलॉकरचं प्रोटेक्शन सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा. तुमच्या बाबतीत सिक्युअर बूट बंद करायची बहुधा गरजच नाही. विंडोजच्या बूट फाईलवर सही असते.

संपूर्ण डिस्क क्लोन केलीत तर दोन्ही डिस्कांची ओळख एकच होते. दोन्ही जोडल्यावर विंडोज एक ऑफलाइन करतं. ती ऑनलाइन केली की तिची ओळख बदलते आणि तिच्यावरची बूट नोंद जुन्या ओळखीकडेच बोट दाखवत राहते. अशा वेळी बीसीडीबूट पुन्हा चालवावं लागतं.

---

मूळ प्रश्न, पुढे:

दोघांचे आभार. चांदणी होती, ईएफआय पार्टिशन केलं, मेन्यूत डिस्क आली. आता विंडोजचा लोगो येतो, ठिपके फिरतात आणि निळा पडदा: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

---

उत्तर:

म्हणजे बूटचा भाग जमला. आता अडतंय ते विंडोजमध्ये. सुरुवातीच्या फायली लॅपटॉपचं फर्मवेअर (यूईएफआय) वाचतं. कर्नल (विंडोजचा गाभा) ताबा घेतो तेव्हा यूएसबी कंट्रोलर नव्याने सुरू होतो, आणि नेहमीच्या विंडोजमध्ये यूएसबी डिस्कचे ड्रायव्हर इतक्या लवकर चढत नाहीत. ज्या डिस्कवर उभे आहात तीच पायाखालून जाते. यूएसबी डिस्कवर नेहमीचं विंडोज बसवायला मायक्रोसॉफ्टची मान्यता नाही, आणि यासाठी असलेलं 'विंडोज टू गो' विंडोज १० च्या '२००४' क्रमांकाच्या आवृत्तीपासून (मे २०२०) काढून टाकलं आहे.

रजिस्ट्रीतल्या खटपटी बऱ्याच सांगितल्या जातात. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर त्या टिकतीलच याची खात्री नाही. दोनच सरळ वाटा. जुनी प्रणाली जशीच्या तशी हवी असेल तर हीच डिस्क आवरणातून काढून लॅपटॉपच्या आतल्या साटा (आतल्या डिस्कच्या जोडणीच्या) जागेत बसवा. आधी दोन गोष्टी तपासा. काही आवरणांत डिस्कच्याच सर्किटवर यूएसबी पोर्ट असतो, तिथे साटा मिळतच नाही. आणि काही आवरणं डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचं भासवतात, मग बाहेर काढल्यावर पार्टिशनच दिसत नाहीत.

बाहेरूनच चालवायचं असेल तर नव्याने, रूफस या बूट डिस्क बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये विंडोजची आयएसओ (इन्स्टॉलेशन) फाईल निवडून 'विंडोज टू गो' हा पर्याय घ्या. प्रोग्राम पुन्हा बसवावे लागतील. फिरणाऱ्या डिस्कवर ते रखडत चालतं. यूएसबी एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) घेतलीत तर फरक लगेच जाणवेल.

---

मूळ प्रश्न, पुढे:

रूफसच्या यादीत डिस्क दिसत नाही.

---

उत्तर:

चुकून हार्ड डिस्क पुसली जाऊ नये म्हणून तो ती मुद्दाम लपवतो. ड्राइव्हच्या प्रगत पर्यायांत 'लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्हज' वर खूण करा. बाकीच्या एक्स्टर्नल डिस्क आधी काढून ठेवा, कारण स्टार्ट दाबल्यावर निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते. स्टार्ट दाबल्यावर, पुसण्याआधी, तो लॅपटॉपच्या आतल्या डिस्क नव्या विंडोजपासून दूर ठेवायच्या का असं विचारतो. आतल्या फायली हव्या असतील तर ती खूण काढा.