स्पिअरगन ‘भरायची’ की ‘चढवायची’? (रबर, खाच आणि साडेतीनशे टक्के)

निळंपाणी (सिडनी)

मंडळी, थोडी मदत हवी आहे. इथे आम्ही काही मराठी लोक श्वास रोखून बुडी मारतो आणि स्पिअरगनने मासे मारतो. न्यू साउथ वेल्समध्ये स्कूबाची टाकी लावून भाल्याने मासे मारायला बंदी आहे, त्यामुळे छातीत मावेल तेवढ्याच हवेवर सगळा खेळ. नव्याने येणाऱ्यांसाठी मराठीत दोन पानांचं टिपण लिहितोय आणि शब्दांपाशी अडलोय.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: लांब दांडा, मागे मूठ आणि चाप, वर स्टीलची सळई. पुढच्या तोंडाशी रबराची जाड नळी ओवलेली असते. तिची दोन्ही टोकं एका बारीक, मजबूत दोरीने जोडलेली असतात. रबर मागे ओढून ती दोरी सळईवरच्या खाचेत अडकवायची. चाप दाबला की सळई सुटते.

प्रश्न असे:
१. ‘लोड करणे’ला काय म्हणू? ‘बंदूक भरणे’ चालेल?
२. बँडला ‘पट्टा’ म्हणू की ‘रबर’?
३. ‘३५० टक्के स्ट्रेच’ हे मराठीत कसं लिहू, की वाचणाऱ्याने नळी चुकीची कापू नये?

खाडीकाठचा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रबर. पट्टा चपटा असतो, ही गोल नळी आहे. बेचकीला आपण पट्टा लावत नाही, रबरच लावतो. आणि ते ‘ताणतो’, ‘स्ट्रेच’ कोणी करत नाही.

जुना शब्दवेडा

‘भरणे’ला माझा आक्षेप आहे. बंदूक भरतात म्हणजे तिच्यात दारू किंवा काडतूस घालतात, जोर त्या दारूचा असतो. इथे आत काहीच जात नाही. जोर तुमच्या दंडांचा, तो रबरात साठवलेला. नवख्याला ‘भर’ म्हटलं की ही शक्ती आपण आत्ताच आपल्या हातांनी तिथे अडकवली आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून ‘रबर चढवणे’. धनुष्याला दोरी चढवतात तसं. फ्रेंच लोक रबरवाल्या स्पिअरगनला ‘आर्बालेत’च म्हणतात, म्हणजे आडवं धनुष्य. आणि आपल्याकडे ‘चाप’ म्हणजे धनुष्यही आणि बंदुकीचा खटकाही. एकाच हत्यारात दोन्ही अर्थ कामाला आले, हे मला भारी वाटतं.

बाण सुटला

शब्दवेडे काका, मी तिरंदाजी करते, म्हणून जरा अडवते. धनुष्याला दोरी चढवणं म्हणजे खेळ सुरू करण्याआधी ती दोन टोकांना बांधणं. बाण लावल्यावर दोरी ‘ओढतात’, चढवत नाहीत. तुमचं उदाहरण इथे बसत नाही.

जुना शब्दवेडा

मान्य, धनुष्य मागे घेतो. पण ‘चढवणे’ सोडत नाही. बंदुकीचा ‘घोडा चढवणे’ आठवा: ताण देऊन अडकवून ठेवायचा, चाप दाबेपर्यंत तो तसाच. रबराचं हेच होतं. शिवाय उलट क्रियेला शब्द आयता मिळतो, ‘उतरवणे’. पाण्याबाहेर यायच्या आधी रबर उतरवायचं, ही सगळ्यात महत्त्वाची सूचना ‘रिकामी करा’ने नीट पोचणार नाही, कारण आत काही भरलेलंच नव्हतं.

बाण सुटला

घोडा चालेल. 👍

दर्यावर्दी_७५

हवेच्या दाबावर चालणारी स्पिअरगनही असते, तिला काय म्हणाल? तिच्यात सळई तोंडातून आत, दाबाविरुद्ध जोर लावून रेटावी लागते. तिथे ‘ठासणे’ अगदी चपखल. ठासणीची बंदूक आपल्या भाषेत आहेच. म्हणजे रबराची चढवायची, हवेची ठासायची.

निळंपाणी (सिडनी)

वा, ‘ठासणे’ डोक्यातच आलं नव्हतं. घेतो. आता टक्क्यांचं बघा, माझी खरी अडचण तिथेच आहे.

आकडेमोड

तुमचा गोंधळ भाषेतला आहे, गणितातला नाही. ‘पगार ३५० टक्क्यांनी वाढला’ म्हणजे मूळ पगार अधिक त्याच्या साडेतीन पट, एकूण साडेचार पट. ‘पगार ३५० टक्के झाला’ म्हणजे एकूण साडेतीन पट. फरक त्या ‘नी’चा. स्पिअरगनवाले ३५० म्हणतात तेव्हा बहुतेकदा दुसरा अर्थ असतो: ताणल्यावरची लांबी मूळ लांबीच्या साडेतीन पट.

मापात बघू. तोंडाशी रबर ओवायचं भोक आणि सळईवरची खाच यांत ९० सेंमी अंतर आहे असं धरा. रबर दोन्ही बाजूंनी येतं म्हणून १८० सेंमी. भागिले साडेतीन, म्हणजे सुमारे ५१ सेंमी नळी. (मधल्या दोरीची लांबी सोडून दिली आहे. टोकाला बांधण्यात जाणारं रबर वेगळं धरा.) आता कोणी ‘३५० टक्क्यांनी’ वाचून साडेचारने भागलं तर कापेल ४०. ते रबर खाचेपर्यंत पोचणारच नाही, किंवा पोचवताना खांदा आणि रबर दोघांची वाट लागेल. कापलेलं जोडता येत नाही.

टिपणात टक्के लिहूच नका. ‘साडेतीन पट लांब’ लिहा. नव्यांना ‘तिप्पट’ सांगा, त्याच बंदुकीला ६० सेंमी येईल. जोर थोडा कमी, पण हात शिकेपर्यंत तेच बरं.

खाडीकाठचा

आकडेमोडसाहेब, जाडीचंही सांगा ना. १४, १६, २० मिलिमीटर असं ऐकतो. २० घेतलं की झालं काम?

आकडेमोड

त्या आकड्याला ‘जाडी’ म्हणायला हरकत नाही, पण तो व्यास आहे, आणि जोर ठरतो रबराच्या छेदाच्या क्षेत्रफळावर. आतलं भोक ३ मिलिमीटरचं धरलं तर २० च्या नळीत सुमारे ३०७ चौरस मिलिमीटर रबर, १६ च्या नळीत १९४, आणि १४ च्या नळीत १४७. म्हणजे १४ ची दोन रबरं २० च्या एकाच्या जवळपास जातात, पण एका वेळी ओढायला निम्माच जोर लागतो. १६ ची दोन लावली तर २० च्या एकापेक्षा सव्वापट. (सगळी रबरं एकाच मालाची आणि सारखीच ताणलेली असं गृहीत धरलंय.)

निळंपाणी (सिडनी)

यात माझी भर. दोन बारीक रबरं चढवायला वेळ जास्त लागतो, खाचाही दोन लागतात, पण दमछाक कमी. श्वास रोखून खेळायच्या खेळात ती फार मोलाची. आणि जोर वाढवत नेला की सळई जास्त लांब जाईलच असं नाही. साडेसहा मिलिमीटरची बारीक सळई अति ताणाने सुटताना लचकते, बंदुकीचं तोंड उडतं आणि नेम वर जातो. आमच्यात कोणी मासा चुकवला की आधी जाड रबराचीच चौकशी करतो. मी उलट सांगतो, आधी बारीक लावून बघ.

चढवण्याची कृती टिपणात अशी लिहिली आहे, भाषा तपासा:

“आधी पाण्यात उतरा. जमिनीवर किंवा होडीत रबर कधीच चढवू नका. सळई मागे ढकला, खटका बसल्याचा आवाज ऐका आणि सळई पुढे ओढून ती सुटत नाही याची खात्री करा. बंदुकीचं तोंड माणसांपासून लांब. मुठीच्या मागचा दट्ट्या छातीच्या मधल्या हाडावर टेकवा. दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंचं रबर धरा, शक्य तेवढं मागे, आणि पाठीचा जोर लावून एका दमात सरळ ओढा. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. दोरी खाचेत पूर्ण बसल्याचं बघूनच हात सोडा. छातीवर टेकवून हात पुढे पोचत नसतील तर दट्ट्या आधी कमरेशी टेकवून अलीकडच्या खाचेत अडकवा, मग छातीवर घेऊन पलीकडच्या.”

जुना शब्दवेडा

‘अलीकडच्या’, ‘पलीकडच्या’ बदला. पाण्यात उलटं लोंबकळणाऱ्या माणसाला अलीकडे कोणतं आणि पलीकडे कोणतं? ‘तोंडाकडची खाच’ आणि ‘मुठीकडची खाच’ लिहा. ‘दट्ट्या’ मात्र झकास.

बाण सुटला

आणि ‘एका दमात’ काढा हो. नवखा दम रोखून ओढेल. ‘एका झपाट्यात’ लिहा. दुसरं म्हणजे खाचेची कड धारदार असेल तर ती दोरी कुरतडली जाते. आमच्याकडे दोरी बाणाला टेकते तिथे वेगळा दोरा गुंडाळतात. तुम्ही निदान कानस मारून कड बोथट करा.

दर्यावर्दी_७५

रबर खराब झालं की काय म्हणता? ‘मेलं’ म्हणा. इलॅस्टिक मेलं, तसं. हे नैसर्गिक लॅटेक्स, ऊन आणि तेल त्याचे शत्रू. बांधलेल्या टोकापाशी बारीक भेगा दिसल्या की बदलायचं, वाट बघायची नाही. वापर झाला की गोड्या पाण्याने धुऊन सावलीत. चढवून तासन् तास ठेवलं तरी मरतं.

खाडीकाठचा

अवांतर: फ्रेंच मंडळी या रबराला ‘सँडो’ म्हणतात. युजेन सँडो नावाचा जर्मन पहिलवान छाती रुंदावण्याची रबरी उपकरणं विकायचा, त्याच्यावरून. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावरही आला होता. आपली सँडो बनियन त्याचीच. तेव्हा पट्टा नको आणि बँडही नको वाटला तर…

जुना शब्दवेडा

नको. नवखा बनियन ताणत बसेल.

निळंपाणी (सिडनी)

😄 तर ठरलं: रबर, चढवणे, उतरवणे, तोंडाकडची आणि मुठीकडची खाच, साडेतीन पट. जोडणाऱ्या दोरीला तेवढा शब्द राहिला. इंग्रजीतला ‘विशबोन’च ठेवू का?

आकडेमोड

‘मधली दोरी’ लिहा. तुम्ही पहिल्यापासून ‘दोरी’च म्हणताय आणि कोणी अडलं नाही.