क्लोरेला गर्द हिरवं होतंय, पण तेल निघेना

हिरवळ_२०: २० लिटरच्या पारदर्शक टाकीत क्लोरेला वल्गॅरिस (एकपेशीय हिरवं शेवाळ), माध्यम बीजी-११ (शेवाळ वाढवायचं क्षारांचं द्रावण). १६ तास एलईडी, २५ ते २७ अंश, हवेचा साधा पंप. १४ दिवसांनी गाळून, वाळवून, खलात कुटून, तेल विरघळवून घ्यायला हेक्झेन या द्रावकात रात्रभर ठेवलं. तेल कोरड्या वजनाच्या जेमतेम ४ टक्के, तेही हिरवंकच्च. चुकतंय कुठे?

काचपात्र: नायट्रेट जास्त आहे. बीजी-११ मध्ये लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट, म्हणजे सुमारे २४७ मिलिग्रॅम नायट्रोजन. पेशीत ८ टक्के नायट्रोजन धरला तर एवढ्यात लिटरला ३ ग्रॅम शेवाळ पोसतं. नुसत्या हवेवर १४ दिवसांत तुम्ही तिथवर पोचणारच नाही. नायट्रोजन शिल्लक असेपर्यंत पेशी विभागत राहतात, तेल कशाला साठवतील?

वाढ झाली की पेशी खाली बसवा, वरचं पाणी ओतून टाका आणि नायट्रेट वगळलेल्या बीजी-११ मध्ये ५ ते ८ दिवस ठेवा. फॉस्फेट, मॅग्नेशियम काढू नका. उजेड वाढवा. किंवा सुरुवातच लिटरला ०.३ ग्रॅम सोडियम नायट्रेटवर करा, ते आपोआप संपतं. मात्र उपाशी पेशींची वाढ मंदावते. टक्केवारी चढली तरी दिवसाचं एकूण तेल वाढेलच असं नाही. शेवाळ-तेलाच्या जाहिरातींतले आकडे इथेच फसवतात.

पीएच_नऊ: कार्बनही कमी पडतोय. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. हवेत १ ते २ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळा, पीएच ७ ते ८ ठेवा. दिवे बंद असताना हा वायूही बंद, नाहीतर पीएच घसरतो. वाढ गढूळपणावरून, ७५० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजा. ६८० वर हरितद्रव्यच मोजलं जातं आणि उपासमारीत ते घटतं.

हिरवळ_२०: टाकी फिकट झाली, तर नायट्रोजन संपला की शेवाळ मेलं, हे कसं ओळखू?

काचपात्र: सूक्ष्मदर्शकाखाली बघा. उपाशी पेशी अखंड, आत चकचकीत थेंब. फुटकी कवचं, फेस, कुजका वास असेल तर मेलं. एका रात्रीत पाणी निवळलं तर रोटिफर (शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव) शोधा, १०० पट मोठं केलं की पोहताना दिसतात.

पीएच_नऊ: काढणीचं राहिलं. क्लोरेलाची भिंत चिवट, खलाने पुरेशी फुटत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या काचमण्यांसोबत घुसळा. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो वजा केला तर तुमचे ४ टक्केही भरणार नाहीत. आणि हेक्झेनची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. जवळ ठिणगी नको.