लालबागच्या १ बीएचकेतून बोरिवलीच्या ३ बीएचकेत जातोय, महिन्याचा खर्च किती धरायचा?

लालबागकर:
मंडळी, एक हिशोब अडलाय. सध्या लालबागला ४०५ कार्पेटचं १ बीएचके, आम्ही चौघं, मी, बायको, आई आणि दहावीत जाणारा मुलगा. दिवाळीनंतर बोरिवली ईस्टला नव्या टॉवरमधे ७९० कार्पेटच्या ३ बीएचकेत जातोय. ईएमआयचा आकडा बँकेने काढून दिला, बाकीचं आपलं आपणच बघायचं. बेस्टचं लाईट बिल काढून बसलो तर थंडीत १४० युनिटच्या आसपास आणि मे मधे २६०, एसी एकच आहे, दीड टनाचा इन्व्हर्टर फाइव्ह स्टार. सिलिंडर साधारण सव्वा महिना जातो. मेंटेनन्स २,२००, त्यातच पाणी आलं. मी सरळ सगळ्याला दोनने गुणलं, घर दुप्पट म्हणून बिल दुप्पट. बायको म्हणते तुमचं गणित चुकतंय पण कुठे ते तिलाही सांगता येत नाहीये :) ज्यांनी असं छोट्यातून मोठ्यात शिफ्टिंग केलंय त्यांनी सांगा नेमकं काय वाढतं.

मुलुंडची_मावशी:
वहिनी बरोबर आहेत. आम्ही ७ वर्षांपूर्वी परळच्या दोन खोल्यांतून इकडे आलो तेव्हा मीपण हेच केलं होतं आणि दोन्हीकडून चुकले, काही गोष्टी अजिबात वाढल्या नाहीत आणि काही तिप्पट झाल्या. गॅस तोच, कारण चपात्या तेवढ्याच लाटायच्या. गीझरपण तोच, बाथरूम दोन झाले म्हणून कोणी दोनदा आंघोळ करत नाही. पण एसी! परळला मे महिन्यात आम्ही पाचही जणं एका खोलीत गाद्या टाकून झोपायचो, एक एसी, विषय संपला. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात प्रत्येकाला आपापली खोली आणि आपापला रिमोट. बिल बघून ह्यांना वाटलं मीटरच बिघडलाय, माणूस बोलावून चेक करून घेतला, मीटर ठणठणीत होता, आमचीच थेरं होती सगळी.

आणि एक कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते, केर-लादीवाली बाई रूम मोजून पैसे सांगते. तो आकडा आत्ताच बिल्डिंगच्या वॉचमनला विचारून ठेवा. आमचं पहिल्या वर्षी लाईट बिलापेक्षा बाईचंच जास्त वाढलं.

मीटरवाला:
मावशींनी मुद्दा बरोबर पकडलाय, मी फक्त आकडे टाकतो. इलेक्ट्रिकलच्या कामातलाच आहे.

एसीच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात ते १६०० तास धरून असतात. समजा ८०० लिहिलंय तर ताशी अर्धा युनिट. म्हणजे रात्रीचे ८ तास म्हणजे ४ युनिट, महिन्याचे १२०. आपल्याकडच्या मे महिन्यात प्रत्यक्षात थोडे जास्तच जातील, २४ वर ठेवून पांघरूण घेणाऱ्यांचे अजून जास्त. साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. ५ पंखे रोज १० तास धरले तर साधे महिन्याला ११२ युनिट खातात आणि बीएलडीसी ४५, त्यामुळे नवीन घरात पंखे घेणारच असाल तर तिथे कंजुषी करू नका. १५ लिटरचा गीझर एकदा पूर्ण तापायला साधारण ०.६ युनिट घेतो, तो दिवसभर चालू ठेवला तरच रडवतो.

आता लोक जिथे फसतात ते स्लॅब, म्हणजे महिन्याच्या युनिटचे टप्पे, वरच्या टप्प्याचा दर जास्त. ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर. ३०० ओलांडले म्हणून सगळेच युनिट महाग होत नाहीत, फक्त वरचे होतात, पण म्हणूनच जुन्या बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी काढलीत आणि ती नवीन घराला लावलीत तर अंदाज कमी येणार, कारण तुमचे वाढणारे बहुतेक युनिट वरच्या स्लॅबचेच असणार. त्यावर व्हीलिंग चार्ज (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा आकार), फिक्स्ड चार्ज आणि शेवटी १६ टक्के वीजशुल्क. आणि बोरिवलीला बेस्ट नाही, तिथे अदानी किंवा टाटा, दोघांतून निवडता येतं, तुलना करताना नुसता एनर्जी चार्ज बघू नका, व्हीलिंग धरून बघा. मोठ्या फ्लॅटला बऱ्याचदा थ्री फेज मीटर असतो, त्याचा फिक्स्ड चार्ज सिंगल फेजपेक्षा जास्त, तेही विचारून घ्या.

तुम्ही हे सांगा की एसी किती लावणार आणि कुठली खोली पश्चिमेला आहे.

लालबागकर:
बापरे, धन्यवाद. तीन एसी लावायचे असं ठरलं होतं पण आईला एसी सोसत नाही, गुडघे धरतात तिचे, त्यामुळे दोनच चालतील. मुलाची खोली पश्चिमेची आहे आणि दहावी म्हणजे दुपारी पण अभ्यास (म्हणजे एसी लावून मोबाईल, पण ते जाऊदे).

मीटरवाला:
मग मे चा हिशोब असा, आत्ताचे २६०, मुलाच्या एसीचे रात्रीचे १२०, दुपारचे ४ तास धरून अजून ६०, वाढीव पंखे दिवे ४०. झाले ४८०. म्हणजे ५०० च्या आत काठावर. आईंनी विचार बदलला किंवा पाहुणे आले की वरचा स्लॅब. थंडीत १८० च्या वर जायचं कारण नाही. म्हणजे मे मधे पावणेदोनपटीच्या थोडं वर आणि जानेवारीत साधारण सव्वापट, बारा महिने दुप्पट नाही. आणि खप वाढला की पुढच्या वर्षी वाढीव सिक्युरिटी डिपॉझिटची मागणी येते, ती बिलातली चूक समजून भांडायला जाऊ नका.

नाइलाजाने_सेक्रेटरी:
सगळे लाईटवर अडकलेत म्हणून मी येतो. साहेब तुमचा खरा खड्डा मेंटेनन्समधे आहे आणि दुसरा प्रॉपर्टी टॅक्समधे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबई महापालिकेने १ जानेवारी २०२२ पासून प्रॉपर्टी टॅक्स माफ केलाय. तुमचं ४०५ चं घर त्यात बसतं, म्हणून तुमच्या डोक्यात हा खर्चच नाहीये. ७९० ला तो पूर्ण लागणार, आणि असं नाही की वरच्या २९० फुटांवरच लागेल. बिल सहा महिन्यांचं येतं, भांडवली मूल्यावर असतं, म्हणजे एरियाचा रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला जागेचा दर) आणि बिल्डिंगचं वय सगळं त्यात येतं, नव्या टॉवरला जास्तच. त्याच टॉवरमधल्या कोणाचं तरी बिल बघायला मागा, लोक दाखवतात.

मेंटेनन्सचं म्हणाल तर आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना समान असतं, वॉचमन, लिफ्ट, कॉमन लाईट, घर मोठं असो की छोटं. पाणी नळांच्या संख्येवर आणि साइजवर. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा) आणि रिपेअर फंड मात्र बांधकाम खर्चावर, तो मोठ्या घराला जास्त. आमच्या सोसायटीत ह्या एका मुद्द्यावर तीन एजीएम गेल्या, छोट्या फ्लॅटवाले म्हणतात फुटावर घ्या, मोठे म्हणतात समान घ्या, आणि चहा-वडा मात्र दोघं समान खातात.

टॉवरमधला_त्रस्त:
सेक्रेटरी काका, उपविधी सोसायटी झाल्यावर. नव्या टॉवरमधे सुरवातीला सोसायटीच नसते, बिल्डर सीएएम (कॉमन एरियाचा मेंटेनन्स) लावतो तो चौरस फुटावर. मी कुठला बिल्डर ते नाही लिहीत पण माझ्याकडे १२ रुपये फूट सांगितलं, मी कार्पेटने गुणून खूश झालो आणि पझेशनच्या दिवशी कळलं की गुणाकार कार्पेटवर नाहीये, त्यांच्या कसल्यातरी वाढीव एरियावर आहे. लालबागकर, तुमचं धरा, ७९० गुणिले १२ म्हणजे ९,४८० आणि वर १८ टक्के जीएसटी, झाले ११,१८६. तेच १,२०० फुटांवर लावलं तर १४,४०० अधिक जीएसटी. तेव्हा कुठल्या फुटावर ते मेलवर लिहून घ्या. आणि आगाऊ किती महिन्यांचं घेणार तेही. माझे १८ महिन्यांचे एकदम घेतले, फर्निचरसाठी ठेवलेले पैसे त्यातच गेले, अजून वॉर्डरोबला दारं नाहीयेत.

नाइलाजाने_सेक्रेटरी:
हे खरं आहे, मान्य. सोसायटी झाल्यावरपण जीएसटी सुटेलच असं नाही बरं का, महिना ७,५०० च्या वर गेलं आणि सोसायटीची उलाढाल २० लाखांच्या वर असली की लागतो. आणि एक, मे मधे टँकर मागवावे लागतात का ते तिथल्या रहिवाशाला विचारा, सेल्स ऑफिसात विचारू नका.

मुलुंडची_मावशी:
सिलिंडरचं राहिलं. तिकडे पाइपचा गॅस असेल तर बिल दोन महिन्यांनी येतं, पहिलं बिल बघून दचकू नका. एक सिलिंडर म्हणजे साधारण १७-१८ एससीएम (पाइप गॅसच्या बिलातलं युनिट, घनमीटर) असं माझ्या मुलाने काढून दिलं होतं.

लालबागकर:
सगळ्यांचे आभार. काल रात्री बायकोसोबत बसून परत मांडलं. लाईट वर्षाची सरासरी काढली तर दीडपट, गॅस आहे तेवढाच, प्रॉपर्टी टॅक्सची ओळच नव्हती ती टाकली आणि मेंटेनन्स २,२०० चे ११ हजार, म्हणजे पाचपट, आणि मी दुप्पट धरून बसलो होतो. आज सेल्सच्या मुलाला फोन करून विचारलं सीएएम कुठल्या एरियावर, तर म्हणाला सर चेक करून सांगतो. मेल टाकलाय. आईला वाढत्या खर्चाचं सांगितलं तर ती म्हणते माझ्या खोलीतला एसीचा पॉइंट बंदच करून टाका, नातू येऊन झोपायला लागला तर मला पांघरूण शोधायला लागेल.