कुत्र्याचा डोळा गळतो तेव्हा : आपापले अनुभव

झोपून उठलेल्या कुत्र्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात थोडे सुके चिपड असणे स्वाभाविक आहे. ते पुसल्यावर दिवसभर पुन्हा साचत नसेल, तर काळजीचे कारण नाही. मात्र डोळा सतत गळू लागला, चिपड पिवळे-हिरवे झाले किंवा कुत्रा डोळा मिटून राहू लागला, तर त्यामागची कारणे इतकी वेगवेगळी असतात की एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते. म्हणून अनुभव लिहिताना औषधाच्या नावापेक्षा त्रास एका डोळ्याला होता की दोन्ही, स्राव पातळ होता की चिकट आणि डॉक्टरांनी कोणती तपासणी केली, हे आवर्जून सांगावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

आमच्या राणीच्या (जात पग) दोन्ही डोळ्यांना दोरीसारखे ताणले जाणारे चिकट चिपड येत असे आणि बुबुळाची चमक गेली होती. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून एका मिनिटात ती किती भिजते ते मोजले. निरोगी डोळ्यात ती 15 मिलिमीटर किंवा अधिक भिजते. राणीची 10 पर्यंतही पोचली नाही. इतके चिपड येणारा डोळा प्रत्यक्षात कोरडा पडलेला असतो, हे तेव्हा कळले. अश्रू कमी पडले की त्यांची जागा चिकट स्राव घेतो. तिला सायक्लोस्पोरिनचे 0.2 टक्के मलम सुरू झाले. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ते बहुधा जन्मभर लावावे लागते, म्हणून बरे वाटले तरी आम्ही ते थांबवलेले नाही.

सासवडहून : आमचा गावठी मोत्या शेतावर मोकळा असतो. पावसाळा संपून गवत वाळले की कुसळांचा त्रास सुरू होतो. सकाळी ठणठणीत असलेला एकच डोळा दुपारी घट्ट मिटलेला आणि पाण्याने भरलेला दिसला, शिवाय तो पंजाने सारखा चोळत होता. डॉक्टरांनी बधिर करणारे थेंब घालून तिसरी पापणी, म्हणजे आतल्या कोपऱ्यातला पडदा, चिमट्याने उचलली आणि तिच्यामागे रुतलेले कुसळ काढले. नंतर फ्लुओरेसीन हा रंग घातला. बुबुळावर जेथे ओरखडा असतो तेथे तो हिरवा चमकतो, आणि तसा ओरखडा दिसलाच. शेजाऱ्यांनी देऊ केलेली थेंबांची बाटली मी विचारण्यासाठी सोबत नेली होती. तीत स्टेरॉइड होते. ओरखड्यावर ते पडले तर जखम भरत नाही, ती खोल जाऊन बुबुळाला छिद्रही पडू शकते, असे डॉक्टरांनी बजावले. माणसांसाठी आणलेले उरलेले थेंब कुत्र्याच्या डोळ्यात परस्पर घालू नका, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

नागपूरहून : आमच्या बीगलच्या पिल्लाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल गोळा वर आला आणि डोळा गळू लागला. याला ‘चेरी आय’ म्हणतात. तो गोळा म्हणजे तिसऱ्या पापणीची जागा सोडून बाहेर आलेली अश्रुग्रंथी. ती कापून टाकावी, असा एक सल्ला मिळाला होता. पण डोळ्यातील जवळजवळ एक तृतीयांश अश्रू तीच तयार करते आणि ती काढल्यास पुढे डोळा कोरडा पडण्याचा धोका असतो, असे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले. आम्ही ती शस्त्रक्रियेने पुन्हा जागेवर बसवून घेतली.

फोंड्याहून : दोन्ही डोळ्यांतून पिवळा पू, नाकातून तसाच स्राव, ताप आणि खोकला हे सगळे एकत्र असेल, तर केवळ डोळे धूत बसू नये. आमच्या गल्लीतल्या पिल्लाला डिस्टेंपर झाला होता. त्या विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन, प्रतिजैविके आणि शुश्रूषा यांवर ते वाचले, पण त्याचा मागचा पाय अजूनही झटके देतो. बाकीच्या पिल्लांना आम्ही लगेच वेगळे ठेवले. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस दिल्यास हा आजार टाळता येतो.

पुण्याहून : आमच्या पांढऱ्या पॉमेरेनियनच्या डोळ्यांखाली तांबूस-तपकिरी ओघळ पडतात. अश्रूंमधल्या पॉर्फिरिन या द्रव्याचा तो डाग असतो. पापणीचा केस आत वळलेला नाही आणि अश्रुनलिका तुंबलेली नाही, याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्यावर आता फक्त स्वच्छता ठेवतो. औषधाच्या दुकानातले साधे सलाईन कोमट करून त्यात कापूस भिजवायचा, सुकलेले चिपड ओढून न काढता आधी मऊ होऊ द्यायचे, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस वापरायचा आणि शेवटी केस कोरडे करायचे, कारण ओलसर राहिलेल्या केसांखालची कातडी लाल होऊन चिघळते.