अनुभव धागा: चित्रातला माणूस बसलाय की बसतोय?

चित्र समोर ठेवून इंग्रजीत सलग मिनिटभर बोला म्हटलं, की भरपूर शब्द पाठ असलेली माणसंही अडखळतात. झाड, छत्री, बाक, मुलगी हे शब्द येत असतात. गाडी अडते ती क्रियापदापाशी. या धाग्यावर शिकवणाऱ्यांनी, पेपर तपासणाऱ्यांनी आणि नेटाने शिकलेल्यांनी नेमकं लिहावं: कुठे चुकतं, का चुकतं, काय केल्यावर सुटतं. 'माझं इंग्रजी असं सुधारलं' ही कहाणी इथे नको, तिचा अर्क तेवढा द्या. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहू, म्हणजे वाचताना उच्चारही कानावर पडेल.

क्रियापदी

सुरुवात सोप्या खुणेने करते. मराठी वाक्य मनात जसं बोलीत येतं तसं येऊ द्या आणि शेवटी 'य' आहे का ते ऐका. 'तो पळतो' म्हणजे 'ही रन्स'. 'तो पळतोय' म्हणजे 'ही इज रनिंग'. 'तू काय करतोस?' हा कामधंद्याचा प्रश्न, 'व्हॉट डू यू डू?' आणि 'काय करतोयस?' हा या क्षणाचा, 'व्हॉट आर यू डुइंग?' पुस्तकातल्या 'करीत आहे'वरून हा फरक लवकर डोक्यात शिरत नाही, बोलीतल्या 'य'वरून शिरतो. चित्रातली हालचाल बहुतेक वेळा 'य'वालीच असते.

अर्धविराम

वरची खूण अर्धीच खरी आहे. 'य' दोन प्रकारचा असतो: 'बसतोय' आणि 'बसलाय'. चित्रवर्णनातल्या निम्म्या चुका या दुसऱ्या 'य'च्या आहेत.

'ती बाकावर बसली आहे', 'त्याने टोपी घातली आहे', 'मुलीने फुगा धरला आहे'. मराठीत ही सगळी रूपं पूर्ण काळाची. म्हणून शिकणारा 'शी हॅज सॅट', 'ही हॅज वोर्न अ कॅप' असं जुळवतो. व्याकरणाच्या तक्त्यात ही रूपं आहेत, पण चित्राबद्दल ती चालत नाहीत. इंग्रजी अशा ठिकाणी चालू काळ वापरतं: 'शी इज सिटिंग', 'ही इज वेअरिंग', 'शी इज होल्डिंग'. आसन घेऊन झालं असलं तरी ते टिकवून धरणं चालू आहे, असा तो हिशेब.

मग 'बसतोय'चं काय? त्याला वेगळा शब्द जोडावा लागतो. बसलाय – सिटिंग, बसतोय – सिटिंग डाउन. उभा आहे – स्टँडिंग, उभा राहतोय – स्टँडिंग अप. कोट घातलाय – वेअरिंग, कोट घालतोय – पुटिंग ऑन. चित्रातल्या माणसाचा एकच हात बाहीत असेल तरच 'पुटिंग ऑन', नाहीतर 'वेअरिंग'.

सगळेच 'लाय' मात्र चालू काळात जात नाहीत. त्यासाठी कसोटी अशी: '-ऊन आहे' लावून बघा. बसून आहे, धरून आहे, टेकून आहे, लटकून आहे, पडून आहे हे कानाला पटतं. पटलं की 'आयएनजी': सिटिंग, होल्डिंग, लीनिंग, हँगिंग, लाइंग. 'दूध सांडून आहे', 'खिडकी उघडून आहे', 'खुर्ची मोडून आहे' हे मराठी नाहीच. तिथे दोन वाटा. वस्तू आत्ता कशी दिसते एवढंच सांगायचं असेल तर 'द विंडो इज ओपन', 'द चेअर इज ब्रोकन'. नुकतं काहीतरी घडून गेलंय हे सुचवायचं असेल तर 'समवन हॅज स्पिल्ट द मिल्क'. 'द विंडो इज ओपनिंग' म्हणालात तर खिडकी आपोआप हलायला लागली, असा अर्थ होतो.

तिसरा पुरुष

कसोटी छान आहे, पण एक फट दाखवतो. 'मी त्याला ओळखून आहे', 'ती हे जाणून आहे' हेही कानाला पटतं. तिथे 'नोइंग' नाही, 'आय नो हिम', 'शी नोज धिस'. मनातल्या क्रियापदांना, म्हणजे जाणणं, आवडणं, वाटणं, हवं असणं यांना, चालू काळ सहसा लागत नाही, मराठीत कितीही 'य' असू दे. 'मला दिसतंय' म्हणजे 'आय कॅन सी', 'ऐकू येतंय' म्हणजे 'आय कॅन हिअर'. 'आय ॲम सीइंग अ बॉय' हे वाक्य चित्रवर्णनात इतक्यांदा येतं, की पहिल्याच वाक्यात भाषेची पातळी कळते. मालकीच्या 'आहे'चंही तसंच: 'शी हॅज अ बॅग'. 'शी इज हॅविंग लंच' मात्र बरोबर, कारण तिथे 'हॅव'चा अर्थ जेवणं हा आहे.

पुतळा आणि माणूस

चित्रात साधा काळ कुठे येतो, हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. जे चित्र घेण्याआधी होतं आणि नंतरही तसंच राहणार, ते साध्या काळात. 'अ रोड गोज अप द हिल.' 'द ब्रिज क्रॉसेस द रिव्हर.' पुतळ्याला 'स्टँड्स', शेजारच्या माणसाला 'इज स्टँडिंग'. एकाच चित्रात दोन्ही काळ नेमके वापरले, तर ऐकणाऱ्याला कळतं की हा घोकून आलेला नाही.

दुसरा सापळा रीति वर्तमानकाळाचा. 'तो रोज इथे येत असतो' यातल्या 'येत'मुळे 'ही इज कमिंग हिअर एव्हरी डे' होतं. सवय आहे, तर 'ही कम्स'. चालू काळासोबत 'ऑलवेज' लावलं तर वैतागाचा सूर येतो: 'शी इज ऑलवेज लूझिंग हर कीज', म्हणजे 'सारखी किल्ल्या हरवत असते बाई!' हा सूर हवा असेल तेव्हाच ते वापरा.

आणि तो 'एस'. 'वेअर्स'मधला 'एस' नकारात आणि प्रश्नात 'डज'कडे जातो, दोन्हीकडे राहत नाही: 'शी डझन्ट वेअर', 'डज शी वेअर?' लिहिताना सगळ्यांचा भर स्पेलिंगवर असतो, बोलताना मात्र शेवटचा आवाज गिळला जातो. 'वॉक्स'मध्ये स्, 'रन्झ'मध्ये झ्, 'वॉचिझ'मध्ये इझ्. तीन गटांतली पाच-पाच क्रियापदं मोठ्याने म्हणा, तोंडाला वळण लागतं.

चष्मा

माणसाचं वर्णन. मराठीतला 'तो कसा आहे?' हा एक प्रश्न इंग्रजीत तीन ठिकाणी फुटतो. तब्येत विचारायची तर 'हाऊ इज ही?' स्वभाव विचारायचा तर 'व्हॉट इज ही लाइक?' रूप विचारायचं तर 'व्हॉट डज ही लुक लाइक?' आणि 'व्हॉट डज ही लाइक?' म्हणजे त्याला काय आवडतं. चारही प्रश्न कागदावर लिहून उत्तरं जुळवायला द्या. 'व्हॉट इज ही लाइक?'ला 'ही लाइक्स क्रिकेट' असं उत्तर हमखास येतं.

नेहमी तपासाव्यात अशा गोष्टी: डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर', एकवचनी, आधी 'अ' नाही: 'शी हॅज लाँग कर्ली ब्लॅक हेअर'. क्रम लांबी, आकार, रंग. 'हेअर्स' म्हणजे सुटे केस, कोटावर पडलेले वगैरे. काळ्या डोळ्यांना 'डार्क ब्राउन आइज' म्हणा, कारण 'अ ब्लॅक आय' म्हणजे मार लागून काळानिळा झालेला डोळा. उंच माणूस 'टॉल', 'हाय' नाही. 'हिज हाइट इज टॉल' हेही नको. विशेषणं दोन किंवा तीन पुरे, पाचांची माळ फक्त व्याकरणाच्या पुस्तकात असते.

चष्म्याचं वाक्य दोन्ही काळांत बसतं आणि अर्थ बदलतो. 'ही वेअर्स ग्लासेस' म्हणजे त्याला चष्मा आहे, आत्ता डोळ्यांवर नसला तरी. 'ही इज वेअरिंग ग्लासेस' म्हणजे या चित्रात तो दिसतोय. स्वभावाचंही तसंच: 'ही इज रूड' म्हणजे तो उद्धटच आहे, 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता उद्धटपणे वागतोय.

कोपरा

जागा सांगताना मराठीचे दोन शब्द घात करतात, 'वर' आणि 'समोर'. टेबलावर पुस्तक 'ऑन', टेबलाच्या वर टांगलेला दिवा 'अबव्ह', झाडावरचा पक्षी 'इन द ट्री', पण झाडाचंच फळ 'ऑन द ट्री'. घरासमोर गाडी 'इन फ्रंट ऑफ', रस्त्यापलीकडे समोरासमोर असलेलं घर 'अपोझिट'.

चौकटीतल्या जागा: 'ऑन द लेफ्ट', 'ॲट द टॉप', 'इन द मिडल', 'इन द बॉटम राइट-हँड कॉर्नर', 'इन द बॅकग्राउंड'. आणि चित्रात म्हणजे 'इन द पिक्चर'. 'ऑन द पिक्चर' म्हणजे कागदावर माशी बसली आहे.

'देअर इज'नंतर दुसरं 'इज' घालू नका. 'देअर इज अ मॅन इज सेलिंग बलून्स' चूक, 'देअर इज अ मॅन सेलिंग बलून्स' बरोबर. पहिल्यांदा 'अ मॅन', पुढच्या वाक्यापासून 'द मॅन' किंवा 'ही'. प्रत्येक वाक्यात 'अ मॅन' म्हणत राहिलात तर ऐकणाऱ्याला चित्रात चार माणसं दिसतात.

असावा

दिसतं ते सांगून झालं की अंदाज. 'थकलेला दिसतो' – 'ही लुक्स टायर्ड', इथे 'लाइक' नको. 'शिक्षक दिसतो' – 'ही लुक्स लाइक अ टीचर', इथे हवं. विशेषण की नाम, एवढंच बघायचं. 'शिक्षक असावा', खात्री वाटत असेल तर 'ही मस्ट बी अ टीचर'. 'असेलही' – 'ही माइट बी'. 'नसणारच' म्हणायला 'मस्टन्ट बी' चालत नाही, 'कान्ट बी' लागतं. चालू क्रियेचाही अंदाज होतो: 'दे माइट बी वेटिंग फॉर अ बस'. रस्ता ओला आहे आणि पाऊस दिसत नाही? 'इट हॅज बीन रेनिंग'.

घड्याळ

परीक्षेवाल्यांसाठी. केंब्रिजच्या बी१ प्रिलिमिनरीत एका रंगीत छायाचित्रावर साधारण १ मिनिट बोलायचं असतं. बी२ फर्स्टमध्ये १ मिनिटात दोन छायाचित्रांची तुलना करायची आणि त्यांवरच्या प्रश्नाचं उत्तरही द्यायचं असतं, म्हणून तिथे एकेकाचं वर्णन करत बसलात की वेळ संपतो. 'बोथ', 'व्हेअरॲज' हे शब्द लवकर यायला हवेत. पीटीई अकॅडमिकमध्ये तयारीला २५ सेकंद, बोलायला ४०; तिथे बऱ्याचदा आलेख किंवा आकृती येते, मग चालू काळ बाजूला ठेवून 'द ग्राफ शोज'. आयइएलटीएसच्या दुसऱ्या भागात चित्र नसतंच. माणसाचं वर्णन करा असं कार्ड आलं तर १ मिनिट तयारी आणि १ ते २ मिनिटं बोलणं, बहुतांश साध्या काळात.

१ मिनिटात शांतपणे ९-१० वाक्यं होतात. पहिलं वाक्य अख्ख्या चित्राचं, मग मधल्या माणसाची क्रिया, कपडे, मग कडेची माणसं, मग मागचं, शेवटी दोन अंदाज. कोपऱ्यातल्या सायकलीपासून सुरुवात केली की मुख्य माणूस राहून जातो. एखादा शब्द आठवला नाही तर थांबू नका, 'अ थिंग फॉर कटिंग ग्रास' म्हणून पुढे सरका. बी१मध्ये अशी वळसा घालून केलेली सुटका चालते.

क्रियापदी

'लाय'ची दुरुस्ती मान्य. त्यात एक भर: 'तो दोन तासांपासून बसलाय'. 'ऊन'ची कसोटी 'सिटिंग' सांगते, पण 'पासून' आलं की 'इज' बदलतं: 'ही हॅज बीन सिटिंग हिअर फॉर टू आवर्स'. 'पासून' दिसलं म्हणून लगेच 'सिन्स' लावू नका. मोजलेल्या वेळेला 'फॉर', सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स': 'सिन्स टेन ओ'क्लॉक'.