मदत हवी आहे: कॉम्प्रेसरची हवा नेमकी जाते कुठे?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपचं मेंटेनन्स मी बघतो. ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे, प्रेशर ७ बार.

गेल्या गुरुवारी सुट्टी होती, सगळ्या मशीन बंद. तेव्हा नुसता कॉम्प्रेसर चालू करून घड्याळ लावलं. ४८ सेकंद लोड (हवा भरतोय), ७२ सेकंद अनलोड (नुसता फिरतोय). म्हणजे १२० पैकी ४८ सेकंद, कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ४० टक्के हवा नुसती गळतीत! पोटात गोळाच आला. साबणाचं पाणी घेऊन दिवसभर फिरलो. होज क्लिप, क्विक कपलर, एफआरएलचे (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) बाऊल, जिथे लावावं तिथे फुगे. एका ड्रेन व्हॉल्व्हची चकती तर पार झिजलेली होती. सगळं बदललं, तरी आकडा २५ टक्क्यांवर अडकलाय.

आता संशय जमिनीखालून गेलेल्या जुन्या जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) लाइनवर आहे. फरशी न फोडता तिची गळती कशी शोधायची? अल्ट्रासॉनिक डिटेक्टर (गळतीचा कानाला न ऐकू येणारा आवाज पकडणारं यंत्र) तिथे चालेल का, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याने कुठे मिळेल? की सरळ वरून नवी अॅल्युमिनियम लाइन टाकावी? मालक खर्चाला तयार आहेत, पण पैसे वाया जायला नकोत. कोणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.