नळीतल्या गर्भाचा संशय : पहिल्याच दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासावे का?

मूळ मत – प्रयोगशाळा तंत्रज्ञ, विटा
लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आहे, थोडे लाल जाते आहे आणि सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीत काहीच दिसत नाही, म्हणजे गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत रुजल्याचा संशय आहे, अशा स्त्रीला आपण बीटा एचसीजीसाठी (गर्भ राहिल्यावर रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकासाठी) ४८ तासांच्या अंतराने दोनदा रक्त द्यायला बोलावतो. आटपाडी किंवा जतकडच्या वाडीवरून येणारीची दोन दिवसांची मजुरी बुडते आणि ऊसतोडीच्या टोळीतली बाई दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. म्हणून पहिल्याच नमुन्यात प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरकही तपासावे, असे माझे ठाम मत आहे. ते प्रति मिलिलिटर ५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गर्भ वाढता असण्याची शक्यता फारच कमी असते, २० च्या वर असेल तर तो बहुधा नीट वाढत असतो. मिरजेला कोणाला पाठवायचे हे त्याच दिवशी ठरेल.

उत्तर – स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज
आपली कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही. प्रोजेस्टेरॉनवरून गर्भाचा जोम कळतो, जागा कळत नाही. ५ च्या खालचा आकडा पिशवीतल्या गर्भपातातही येतो आणि नळीतल्या गर्भातही. शिवाय नळीतल्या गर्भाचे आकडे बऱ्याचदा ५ ते २० या मधल्या पट्ट्यातच राहतात, म्हणजे जिच्यासाठी तपासणी करायची तिच्याबाबतच काही ठरत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनातही या निदानासाठी प्रोजेस्टेरॉन वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. बीटा एचसीजी १५०० च्या आत असेल, तर पिशवीतल्या वाढत्या गर्भात ते ४८ तासांत सहसा किमान ४९ टक्क्यांनी वाढते, आणि वाढ त्याहून कमी भरली की संशय बळावतो. नळीतल्या काही गर्भांतही ही वाढ नेहमीसारखीच दिसते, त्यामुळे सोनोग्राफी पुन्हा करावीच लागते.

आक्षेप – आशा गटप्रवर्तक, जत
मॅडम, आपण दोघेही आकड्यांवर बोलत आहात; मला त्या आकड्यांचे पुढे काय होते याची काळजी वाटते. ‘रिपोर्ट चांगला आहे’ एवढे कानावर पडले की घरचे निर्धास्त होतात आणि मग दुखणे अंगावर काढले जाते. बीटा एचसीजी कमी असतानाही नळी फुटू शकते, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले आहे. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला कळ येत असेल, चक्कर येत असेल किंवा खांदा दुखत असेल, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता १०८ बोलवावी.

मूळ लेखक पुन्हा
ताई, कळ येणाऱ्या बाईबद्दल वाद नाहीच. मी बोलतो आहे ती जिला काहीच दुखत नाही आणि जी उद्या टोळीबरोबर पुढच्या फडावर जाणार आहे, तिच्याबद्दल. तिचे प्रोजेस्टेरॉन कमी आले, तर निदान घरी न सोडता तिला थांबवून घेण्यास कारण मिळते.

उत्तर – स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज
आणि ते १५ आले तर? त्या आकड्यावर तिला फडावर जाऊ द्यायला मी तयार नाही. दुसरा नमुना तिच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्यावा आणि पहिल्याच प्रयोगशाळेत पाठवावा, कारण यंत्र बदलले की आकड्यांची तुलना करता येत नाही.